बुद्धिबळाच्या पटावर आपल्या मुली

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



आजचा माझा विषय राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा आणि त्या गाजविणाऱ्या आपल्या स्त्रिया हा आहे. आरोग्य, बचत, पाककृती, मुलांचे संगोपन या विषयांवर आपल्या मंडळात वरचेवर बोलणे होते. बुद्धिबळावर बहुधा आजच प्रथम होत असेल. पण भगिनींनो, हा विषय दिसतो तितका आपल्यापासून दूर नाही. माझे बोलणे संपेपर्यंत तो आपल्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊन पोचेल, असे मला वाटते.

२८ जुलै २०२५ या दिवशी जॉर्जिया देशातील बातुमी या गावी स्त्रियांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना संपला आणि नागपूरची दिव्या देशमुख जिंकली. तेव्हा तिचे वय एकोणीस वर्षांचे होते. नागपूर काही आपल्याला परके नाही. आपल्यापैकी कितीतरी जणींचे ते माहेर आहे, कितीतरी जणींची मुले तेथे शिकत आहेत. यवतमाळच्या स्टँडवरून सकाळची गाडी पकडली तर जेवणाच्या वेळेआधी माणूस तेथे पोचतो. त्या दिवशी आपल्याकडेही ज्यांना घोडा अडीच घरे चालतो यापलीकडे काही ठाऊक नव्हते, त्यांनीसुद्धा पेढे वाटले.

त्या सामन्यातील एक गोष्ट मात्र आपण बायकांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. दिव्याच्या समोर बसलेली खेळाडू हीदेखील भारतीयच होती. ती आंध्र प्रदेशातील कोनेरू हंपी. तिचे वय अडतीस, आणि ती एका मुलीची आई. बाळंतपणानंतर ती सुमारे दोन वर्षे खेळापासून दूर होती. आपल्याकडे अशा वेळी ‘आता झाले, पुरे’ असे म्हणण्याची रीत आहे. हंपी परत पटावर बसली आणि २०१९ व २०२४ अशी दोनदा जलद बुद्धिबळातील जगज्जेती झाली. पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले, मग जलद डावांवर निर्णय लागला आणि अडीच विरुद्ध दीड अशा गुणांनी दिव्या जिंकली. एक लेक आणि एक आई, दोघी आपल्या देशाच्या, आणि सारे जग त्यांच्याकडे पाहत होते. या विजयामुळे दिव्याला ग्रँडमास्टर हा सर्वोच्च किताब मिळाला. तो मिळविणारी ती भारतातील अठ्ठ्याऐंशीवी व्यक्ती आणि स्त्रियांत अवघी चौथी.

हे फळ आज दिसले, पण त्याचे झाड पुष्कळ जुने आहे, आणि ते झाड आपल्याच महाराष्ट्रातील मुलींनी लावलेले आहे. ती हकीकत मला आज सांगावयाची आहे.

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची स्थापना १९५१ मध्ये झाली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये आंध्रातील एलुरू येथे भरली, आणि आपल्या महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. वेंकय्या हे दोघे तिचे संयुक्त विजेते ठरले. पुढे मॅन्युएल आरन यांनी नऊ वेळा ही स्पर्धा जिंकली. हे सारे पुरुष. स्त्रियांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा सुरू व्हायला १९७४ साल उजाडावे लागले. म्हणजे मध्ये एकोणीस वर्षे गेली.

या काळात किंवा त्याच्याही आधी आपल्याकडे स्त्रिया खेळतच नव्हत्या असे कोणी समजू नये. १९३३ मध्ये इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे ब्रिटिश स्त्रियांची अजिंक्यपद स्पर्धा झाली. ती जिंकणारी मुलगी भारतीय होती. तिचे नाव फातिमा. सर उमर हयात खान या पंजाबातील जमीनदारांच्या परिवारात ती कामाला होती. त्याच परिवारात सुलतान खान हे थोर खेळाडू होते, ज्यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. जमीनदारसाहेब मायदेशी परतले, त्यांच्याबरोबर फातिमाही परतली, आणि त्यानंतर स्पर्धांतून तिचे नाव दिसत नाही. साहेबाच्या देशात जी अजिंक्य ठरली, तिच्यासाठी आपल्या देशात पट मांडलेला नव्हता. तो मांडला गेला त्यानंतर एकेचाळीस वर्षांनी.

आता त्या १९७४ च्या स्पर्धेकडे वळू. ती बंगळूरला भरली आणि मुंबईच्या वासंती खाडिलकर या मुलीने ती जिंकली. पुढील वर्षी तिची धाकटी बहीण जयश्री जिंकली. त्यानंतर सर्वांत धाकटी रोहिणी जिंकली, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. वासंतीने एकदा, जयश्रीने चारदा आणि रोहिणीने पाच वेळा असा हिशेब केला, तर पहिली दहाच्या दहा राष्ट्रीय विजेतेपदे या एका घरात गेली! या मुली म्हणजे नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या पणत्या, आणि ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या कन्या. जयश्री १९७९ मध्ये स्त्रियांतील आंतरराष्ट्रीय मास्टर झाली. हा किताब मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. रोहिणीने १९८१ मध्ये हैदराबादला आशियाई स्पर्धा जिंकली, तीही बारापैकी साडेअकरा गुण मिळवून. तिला १९८० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला.

याच रोहिणीच्या बाबतीत १९७६ मध्ये एक प्रकरण घडले. ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. तोवर एकही स्त्री त्या स्पर्धेत खेळलेली नव्हती. मोठा गदारोळ झाला, आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या वेळी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष हॉलंडचे मॅक्स युवे हे होते. युवे स्वतः पूर्वी जगज्जेते होते आणि व्यवसायाने गणिताचे शिक्षक. ॲमस्टरडॅममधील मुलींच्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षे गणित शिकविले होते. त्यांनी निर्णय दिला की, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. रोहिणी त्या स्पर्धेत खेळली आणि तिने तीन राज्यांच्या विजेत्या पुरुषांना हरविले. आज आपली मुलगी मुलांच्या बरोबरीने एकाच स्पर्धेत नाव नोंदविते आणि कोणी तिला अडवीत नाही, याचे थोडे श्रेय त्या तेरा वर्षांच्या मुलीकडे जाते.

खाडिलकर भगिनींनंतर भाग्यश्री साठे आल्या, ज्या पुढे ठिपसे झाल्या. त्यांनी पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, १९९१ मध्ये आशियाई विजेतेपदही मिळविले. अनुपमा अभ्यंकर, लग्नानंतरच्या गोखले, यांनीही पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्यांना १९८६ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या! दहा, पाच आणि पाच मिळून वीस झाली. १९७४ ते १९९७ या काळातील वीस राष्ट्रीय विजेतेपदे मराठी मुलींनी आणली. एवढी गोष्ट आपल्या मुलींच्या शाळेच्या पुस्तकात असावयास हवी होती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

त्यानंतर मानाची जागा दक्षिणेकडे सरकली. चेन्नईच्या विजयालक्ष्मी सुब्बरामन यांनी कित्येक वर्षे गाजविली. मराठी नावे मात्र अधूनमधून येतच राहिली. पुण्याची सौम्या स्वामिनाथन २००९ मध्ये मुलींची जागतिक कनिष्ठ विजेती झाली. इराणमधील स्पर्धेत डोक्यावर रुमाल बांधण्याची सक्ती असल्यामुळे २०१८ मध्ये तिने त्या संघातून आपले नाव मागे घेतले. गोव्याच्या भक्ती कुलकर्णीने २०१८ व २०१९ अशी लागोपाठ राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. आणि २०२२ मध्ये भुवनेश्वर येथे राष्ट्रीय विजेती झाली ती आपली विदर्भकन्या दिव्या.

आता मी तुम्हांला एक प्रश्न विचारते. पहिली दहा विजेतेपदे एकाच घरात का गेली? देशात काय दुसऱ्या हुशार मुली नव्हत्या?

मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. चेन्नईच्या विजयालक्ष्मींच्या घरीही तिघी बहिणीच. मीनाक्षी आणि भानुप्रिया या धाकट्या दोघीही खेळाडू. युरोपात हंगेरी देशातील बुडापेस्टला पोल्गार नावाच्या तीन बहिणी झाल्या, त्यांतील धाकटी ज्युडिट ही आजवरची सर्वांत बलाढ्य स्त्री खेळाडू मानली जाते. मुंबईत तिघी बहिणी, चेन्नईत तिघी बहिणी, बुडापेस्टला तिघी बहिणी. आणि त्या फातिमेच्या भोवती पाहिले, तर बहीण नव्हे, पण सुलतान खानांसारखा खेळाडू एकाच छपराखाली.

याचा अर्थ मला असा दिसतो. बुद्धिबळ एकट्याने वाढत नाही. आपल्याइतका किंवा आपल्याहून थोडा वरचढ असा खेळगडी समोर लागतो, आणि तो रोज लागतो. मुलांना तो कोठेही मिळे. देवळाच्या ओट्यावर, वाचनालयात, पानाच्या ठेल्याजवळ, कचेरी सुटल्यावर पट मांडून बसलेल्या वडीलधाऱ्यांत मुलगा जाऊन उभा राही, पाहता पाहता शिके, आणि एक दिवस कोणी म्हणे, ‘बस रे, एक डाव होऊ दे.’ मुलीने तेथे जाऊन उभे राहावे, ही कल्पनाच कोणाला सुचत नसे. तेव्हा ज्या मुलीला खेळगडी घरातच मिळाला, तीच पुढे गेली. बहीण ही तिची शाळा झाली, तीच तिचा क्लब झाली. ज्यांना तशी बहीण नव्हती, अशा किती मुली पहिल्या चार खेळ्या शिकून थांबल्या असतील, याची नोंद कोठेही नाही.

खेळगड्याखेरीज दुसरी एक गोष्ट लागते, ती म्हणजे वेळ. त्या वेळच्या नियमाप्रमाणे पहिल्या चाळीस खेळ्यांना प्रत्येक खेळाडूला अडीच तास मिळत, म्हणजे दोघींचे मिळून पाच तास झाले. तेवढ्यात डाव संपला नाही, तर पुढची खेळी कागदावर लिहून लिफाफ्यात बंद करीत आणि डाव दुसऱ्या वेळेस पुढे चालू होई. आज नियम बदलले आहेत, लिफाफा गेला आहे, तरी मोठ्या स्पर्धेतील डाव चार-चार तास सहज चालतो. शेजारी दोन तोंडांचे घड्याळ असते. आपली खेळी केली की कळ दाबावयाची; आपले घड्याळ थांबते, समोरच्याचे सुरू होते. त्या चार तासांत बोलावयाचे नाही, उठून कोणाला विचारावयाचे नाही, चूक झाली तर ती मागे घेता येत नाही.

भगिनींनो, आता आपल्या घरातील मुलीचा दिवस डोळ्यांपुढे आणा. आमच्या गल्लीत एक मुलगी आहे, फार चलाख. ती आणि तिचा भाऊ ओसरीवर पट मांडून बसतात. दहा मिनिटे होतात न होतात तोच आतून हाक येते, ‘अगं, चहा ठेव.’ ती चहा ठेवून येते. पुन्हा हाक, ‘पाहुण्यांना पाणी दे.’ मग, ‘वाळवण गच्चीवरून काढ, आभाळ आले आहे.’ भाऊ बसलेलाच असतो. हाक मारणारी आई वाईट नाही, मुलीवर तिचा जीव आहे. परंतु हाक कोणाला मारावयाची हे तिच्या तोंडाला आपोआप ठाऊक आहे. संध्याकाळी भाऊ जिंकतो आणि सगळे म्हणतात, ‘मुलांचे डोकेच निराळे.’ मी तेथे बसून मोजले आहे. एका डावात ती मुलगी पाच वेळा उठली होती. पाच वेळा उठून जिंकेल असे डोके जगात कोणाचेही नाही.

अशी मुलगी राष्ट्रीय स्पर्धेला कोठून पोचणार? तेथे सलग अकरा फेऱ्या असतात. ज्यांचे गुण सारखे, त्यांची पुढच्या फेरीत गाठ पडते, म्हणजे जिंकत जावे तसा समोरचा खेळाडू अधिक कठीण मिळत जातो. दिवसामागून दिवस तासन्‌तास मन एका जागी ठेवण्याची सवय ज्या मुलीला लहानपणापासून घरी मिळालेली नाही, तिला ती तेथे जाऊन एकाएकी कशी येईल?

दिव्याचे उदाहरण पाहा. तिचे आईवडील दोघेही डॉक्टर. थोरली बहीण बॅडमिंटन खेळे. दिव्या पाचव्या वर्षी बुद्धिबळाला बसली. राहुल जोशी हे तिचे पहिले शिक्षक. आज ते हयात नाहीत. विश्वचषक जिंकून ती नागपूरला परतली तेव्हा तिने त्यांची आठवण काढली. स्पर्धेला गावोगावी, देशोदेशी आई तिच्याबरोबर जाई. बातुमीला डाव संपला आणि मुलीला रडू आवरेना, तेव्हा तिला जवळ घ्यायला आई तेथेच होती. आईने मुलीची एकही खेळी खेळली नाही. तिने मुलीचा वेळ राखला. माझ्या मते हे काम खेळण्याइतकेच मोठे आहे.

आणि मोठे झाल्यावरही मुलीची वाट निष्कंटक असते असे नाही. जानेवारी २०२४ मध्ये हॉलंडमधील एका नामांकित स्पर्धेनंतर दिव्याने उघडपणे लिहिले की, लोक मुलींचा खेळ पाहत नाहीत, कपडे, केस आणि बोलण्याची ढब पाहतात. त्या वेळी ती अठरा वर्षांची होती. त्याच वर्षी ती मुलींची जागतिक कनिष्ठ विजेती झाली, आणि बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारतीय स्त्रियांच्या संघाला सुवर्णपदक मिळाले, त्यात तिने आपल्या पटावरचे वैयक्तिक सुवर्णही मिळविले. नावे ठेवणाऱ्यांना याहून चांगले उत्तर दुसरे कोणते असणार?

आपल्यापैकी एखादी म्हणेल, ‘बाई, हे सारे खरे, पण आमच्या मुलीला काय त्याचे? सगळ्याच काही दिव्या होणार नाहीत.’ ही शंका अगदी रास्त आहे. राष्ट्रीय स्पर्धेत पहिला नंबर एकीचाच येतो. खेळावर पोट भरणाऱ्या थोड्या. बँकांनी, आयुर्विमा महामंडळाने, पेट्रोलियम कंपन्यांनी आजवर चांगल्या खेळाडूंना नोकऱ्या दिल्या आहेत, पण त्याही मोजक्याच. तेव्हा मुलगी विजेती व्हावी म्हणून तिला खेळवा, असे मी म्हणणार नाही.

मी दुसरेच सांगते. आपल्या आज्या सोंगट्या खेळत. त्यात दान पडावे लागते. दान चांगले पडले तर जिंकलो, नाही पडले तर नशीब. आपल्या आयुष्याकडेही आपण पुष्कळ वेळा तसेच पाहत आलो: माहेर दान, सासर दान, नवरा दान. बुद्धिबळात दान नाही. तेथे जी खेळी केली ती आपली, आणि तिचे फळही आपले. विचार करून निर्णय घ्यावयाचा, तो घेतल्यावर निभावून न्यावयाचा, हरलो तर घरी येऊन आपलाच डाव पुन्हा मांडून पाहावयाचा. स्पर्धेत प्रत्येक खेळी लिहून ठेवावी लागते ती यासाठीही उपयोगी पडते. ही सवय ज्या मुलीला लागली, ती पुढे शेतीचा हिशेब पाहो, शाळेत शिकवो, दवाखान्यात काम करो, की घर चालवो, सहजासहजी फसणार नाही.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वणी आहे, पुसद आहे, दारव्हा, दिग्रस, उमरखेड, पांढरकवडा आहे. गावोगावी शाळा आहेत, आणि हुशार मुली प्रत्येक वर्गात आहेत. त्यांना उणीव आहे ती खेळगडीची आणि अखंड वेळेची. या दोन्ही गोष्टी आपले मंडळ देऊ शकते, आणि त्यासाठी फार पैसाही लागत नाही. सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ चालविले आणि त्या गावाचे नाव देशभर झाले. एका माणसाच्या चिकाटीने जे झाले, ते आपण इतक्या जणींनी का करू नये?

जॉर्जिया देशाचे नाव मी मघाशी घेतले. त्या लहानशा देशाने नोना गाप्रिंदाश्विली आणि माया चिबुर्दानिद्झे अशा दोन जगज्जेत्या दिल्या; एकीमागून एक अशा त्या १९६२ पासून १९९१ पर्यंत अजिंक्य होत्या. तेथे जुन्या काळी मुलीला लग्नात रुखवताबरोबर बुद्धिबळाचा पट देत, असे सांगतात. आपण रुखवतात भांडी मांडतो, शिवण-विणकाम मांडतो. पट मांडलेला मी अजून पाहिलेला नाही.

तेव्हा माझी मंडळाला एक सूचना आहे. दर रविवारी दुपारी दोन ते पाच हे सभागृह बहुधा रिकामे असते. ते तीन तास मुलींच्या बुद्धिबळाला द्यावेत. सुरुवातीला चार पट आणि सोंगट्या पुरेत. घड्याळ मागाहून घेता येईल. ज्या भगिनींना खेळ येतो त्यांनी पाळीपाळीने शिकवावे. ज्यांना येत नाही त्यांनी मुलींबरोबर शिकावे, त्यात कमीपणा नाही. धाकट्या मुलीकडून हरायलाही हरकत नाही. एका वहीत डावांची नोंद ठेवावी. वर्षाअखेर जिल्ह्याच्या निवड स्पर्धेला आपल्या दोन मुली पाठवाव्यात आणि त्यांच्याबरोबर आपल्यापैकी एकीने जावे. जिल्ह्यातून राज्यात आणि राज्यातून राष्ट्रीय स्पर्धेत, हीच वाट आहे. ती येथूनही सुरू होते.

नियम दोनच ठेवावेत. पहिला, मुलगी हरली म्हणून घरी कोणी बोलावयाचे नाही. दुसरा, त्या तीन तासांत तिला घरून बोलावणे यावयाचे नाही. मोबाइलवरही नाही. चहा आपला आपण करून घ्यावा, नाहीतर ज्याला हवा त्याने करावा.

ज्या मुलीला बहीण नाही, तिची बहीण मंडळाने व्हावे, एवढीच माझी विनंती आहे. पट मी घेऊन आले आहे, तो मंडळाला देते. येत्या रविवारी दोन वाजता येथे कोणकोण येणार, त्यांनी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत.